ठासणीच्या रायफलीला कोणती गोळी मानवते? सहा जातींची चाचणी

मागच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मी एक वापरलेली ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी गजाने ठासून भरायची, रायफल विकत घेतली आणि तेव्हापासून डिसेंबरपर्यंतचे सुट्टीचे बहुतेक दिवस तिला कोणती गोळी मानवते हे शोधण्यात गेले. ‘मानवणे’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरत आहे. एखाद्याला दूध मानवते, एखाद्याला मानवत नाही, आणि त्यात दोष दुधाचाही नसतो व माणसाचाही नसतो. ठासणीची रायफल आणि गोळी यांचे नाते नेमके असेच असते. म्हणून या लेखात मी रायफलीचे नाव सांगितले आहे, पण गोळ्यांच्या उत्पादकांची नावे जाणूनबुजून गाळली आहेत. माझ्या नळीत भरकटलेली गोळी दुसऱ्या कुणाच्या नळीत सरळ रेषेत जाईल, आणि तसे घडलेले मी स्वतः पाहिलेही आहे. गोळीची जात मात्र प्रत्येक वेळी नीट सांगितली आहे. दुकानात विचारायला तेवढे पुरते.

मी अमेरिकेतील इंडियाना राज्यात कोलंबस गावी राहतो. डिझेल इंजिनांमुळे हे गाव पुण्याच्या कोथरूडशी जोडलेले आहे आणि त्यामुळे येथे मराठी घरांची वाण नाही; परंतु ठासणीची बंदूक बाळगणारा मराठी माणूस मला येथे अजून दुसरा भेटलेला नाही. आमच्या राजापूरकडच्या घरी आजोबांची परवान्याची केपाची बंदूक होती; केप म्हणजे घोडा आपटला की फुटून दारू पेटवणारी छोटी टोपी. भातात शिरणाऱ्या रानडुकरांसाठी ते तिच्यात छर्रे घालत, वर काथ्याचा बोळा ठासत आणि काळोखाच्या दिशेने बार काढत. नेमाचा प्रश्न तेथे उद्भवतच नसे. काम आवाजानेच होत असे. त्या बंदुकीच्या नळीला आतून आटे, म्हणजे गोळीला गरगरवणाऱ्या पिळाच्या खाचा, नव्हते. आटे असलेल्या नळीचे शास्त्र वेगळे आहे, आणि ते मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर शिकावे लागले. (भारतात ठासणीच्या बंदुकीलाही शस्त्र परवाना लागतो. अमेरिकेत काळ्या दारूच्या अशा रायफली संघराज्याच्या कायद्याने इतर बंदुकांत धरलेल्या नाहीत, पण राज्याराज्यांचे नियम निराळे आहेत. ते आधी पाहून घ्यावेत.)

रायफल आहे थॉम्प्सन-सेंटर कंपनीचे ‘हॉकेन’ हे मॉडेल. सेंट लुईसच्या हॉकेन बंधूंच्या एकोणिसाव्या शतकातील रायफलींवरून हे नाव घेतलेले आहे आणि कंपनीने १९७० मध्ये ती बाजारात आणली. नळी २८ इंचांची, बाहेरून अष्टकोनी, कॅलिबर, म्हणजे नळीचा आतला व्यास, ०.५० इंच, दारू पेटते ती केपाने, चाप दोन, त्यांतला एक आधी ओढून ठेवला की दुसरा नुसत्या स्पर्शाने सुटतो. दुर्बीण नाही, फक्त मागची खाच आणि पुढची माशी. या सर्वांपेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की नळीतील आट्यांचा एक पूर्ण फेरा ४८ इंचांत होतो.

हा ४८ चा आकडाच या सगळ्या खटाटोपाचे मूळ आहे. गोळी जितकी लांब, तितका तिला हवेत तोल सांभाळण्यासाठी जास्त वेगाने गरगरण्याची गरज असते. इंग्लंडमध्ये वूलिच येथे शिकवणारे गणिती जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये याचा सोपा आडाखा दिला: गोळीच्या व्यासाचा वर्ग करावा, त्याला १५० ने गुणावे आणि गोळीच्या लांबीने भागावे, म्हणजे किती इंचांत एक फेरा हवा ते मिळते. गोल गोळीची लांबी म्हणजे तिचाच व्यास, त्यामुळे ०.४९ इंचाच्या गोल गोळीला सत्तरहून अधिक इंचांत एक फेरा पुरतो. इंचभर लांबीच्या, पूर्ण व्यासाच्या शिशाच्या गोळीला मात्र ३७ इंचांच्या आसपास लागतो. म्हणूनच केवळ गोल गोळीसाठी बनवलेल्या रायफलींचा पीळ ६० ते ७० इंचांचा असतो, आणि आजच्या शिकारी ठासणीच्या रायफलींचा २८ इंचांचा. माझी ४८ ची नळी या दोहोंच्या मध्ये लोंबकळणारी आहे. विकणारा म्हणाला, ही दोन्ही प्रकारच्या गोळ्या चालवते. मी अभियंता असल्यामुळे ‘दोन्ही चालते’ हे वाक्य ऐकले की मला दोन्ही अर्धवट चालत असल्याचा संशय येतो.

चाचणीची पद्धत थोडक्यात सांगतो. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवलेली, अंतर प्रथम ५० यार्ड, म्हणजे सुमारे ४६ मीटर. प्रत्येक जातीचे पाच-पाच बारांचे तीन ग्रुप, आणि ग्रुपमधील सर्वांत दूरच्या दोन भोकांचे केंद्रापासून केंद्रापर्यंतचे अंतर मोजून तिन्हींची सरासरी. तीन बारांच्या ग्रुपवर समाधान मानणारे बरेच लोक आहेत, मीही होतो. पण तीन बार एकमेकांच्या अंगावर पडणे हा पुष्कळदा योगायोग असतो आणि चौथा बार तो योगायोग उघडा पाडतो. दारू खरी काळी, दोन एफ जाडीची, म्हणजे मध्यम दाण्याची, आणि तिचे माप येथे सर्वत्र ग्रेनमध्ये दिले आहे. १०० ग्रेन म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम. धूरविरहित आधुनिक दारू अशा नळीत चिमूटभरही घालू नये, नळी फुटते. (येथील मंडळाच्या गणपतीत मी एकाला सांगत होतो की थंडीतही दारू कोरडी ठेवणे हेच खरे कौशल्य असते, तेव्हा शेजारून जाणाऱ्या एका काकूंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरणार नाही.)

प्रत्येक बारानंतर मी एक ओली व एक कोरडी चिंधी गजावर चढवून नळी पुसली. याला कारण आहे. काळी दारू जळाल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरतो. त्यातला काही धुराबरोबर जातो आणि उरलेला आट्यांत कीट होऊन बसतो. न पुसता चौथी गोळी ठासू लागलो की गज हातात वाकतो, आणि मग गोळी दारूला टेकली की मध्येच अडकली हे समजत नाही. मध्ये पोकळी राहिलेला बार नळीला घातक ठरू शकतो. त्यासाठी गजावर पूर्ण ठासल्याची खूण कोरून ठेवावी आणि दरवेळी ती खूण नळीच्या तोंडाशी आली आहे हे डोळ्यांनी पाहावे.

पहिली परीक्षा गोल गोळीची. व्यास ०.४९० इंच, वजन १७७ ग्रेन, शुद्ध शिसे, आणि सभोवती दुकानातून आणलेली, तेल लावून तयार मिळणारी ०.०१० इंच जाडीची गोल चिंधी. दारू ७० ग्रेन. निकाल इतका वाईट आला की मी रायफलच परत करण्याच्या विचारात होतो. पन्नास यार्डांवर ग्रुप सरासरी साडेचार इंचांचे, आणि त्यात शिस्त कसलीच नाही: दोन भोके जवळ, एक खाली, एक उजवीकडे कागदाच्या कडेला. पाचवे एकदा तर कागदावर सापडलेच नाही.

याच सुमारास मी फ्रेंडशिप गावाला गेलो. हे आमच्यापासून तासाभराच्या अंतरावरचे दरीतले छोटेसे खेडे आहे, आणि ठासणीच्या बंदुकींच्या राष्ट्रीय संघटनेचे मैदान येथे आहे. ही संघटना १९३३ पासूनची, आणि वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या सुरुवातीला व सप्टेंबरात, तिच्या राष्ट्रीय स्पर्धा येथे भरतात. हरणाच्या कातड्याचे कपडे घातलेल्या, शिंगात दारू बाळगणाऱ्या माणसांच्या त्या जत्रेत मी एका वृद्ध गृहस्थांना माझ्या ग्रुपचा कागद दाखवला. त्यांनी कागदाकडे पाहिलेही नाही. चिंध्या कुठे आहेत, एवढेच त्यांनी विचारले. मला प्रश्न समजला नाही. तेव्हा त्यांनी सांगितले की गोळी कुठे गेली हे कागद सांगतो, पण का गेली हे चिंधी सांगते, आणि ती तुमच्या समोर गवतात पडलेली असते, जाऊन उचला.

पुढच्या रविवारी मी उचलल्या. नळीच्या तोंडापासून आठ-दहा पावलांवर, दवाने ओल्या झालेल्या गवतात, करड्या पानांसारख्या दिसणाऱ्या सात चिंध्या मिळाल्या. सातही फुकट गेलेल्या. मधोमध रुपयाच्या नाण्याएवढे भोक, भोकाच्या कडा कोळशासारख्या काळ्या आणि बोटाने दाबताच भुगा होणाऱ्या. एकीचे तर जळून उरलेले नुसते कडे होते. म्हणजे गोळी नळीतून जात असतानाच कापड जळत होते, पेटलेला वायू गोळीच्या बाजूने पुढे निसटत होता, आणि गोळीला आट्यांनी धरलेलेच नव्हते. मग मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. नळीचा व्यास ०.५०० इंच. खाचा धरून तो ०.५१० च्या आसपास होतो. गोळी ०.४९० आणि तिच्या दोन्ही बाजूंना ०.०१० चे कापड, बेरीज नेमकी ०.५१०. कापड दबायला जागाच उरत नाही; ते खाचेत नुसते टेकते, बूच बसवल्यासारखे घट्ट बसत नाही.

उपाय कापडाच्या दुकानात मिळाला. गादी-उशांच्या खोळींचे, निळ्या पट्ट्यांचे, घट्ट विणीचे जाड सुती कापड वारावर विकत घेतले, दोनदा गरम पाण्यात धुऊन त्याची खळ काढली, आणि व्हर्नियरने मोजले तर ०.०१८ भरले. आता बेरीज ०.५२६ झाली. कापडाला दबावे लागत होते आणि गोळी नळीच्या तोंडातून आत ढकलायला छोट्या दांड्यावर तळव्याचा एक ठोका द्यावा लागत होता. त्याच गोळ्या, तीच ७० ग्रेन दारू, तोच खांदा. ग्रुप साडेचार इंचांवरून पावणेदोन इंचांवर आला. गवतातून उचललेल्या चिंध्या अखंड होत्या: मध्यभागी गोळीच्या बुडाचा करडा गोल डाग, आणि भोवती आट्यांचे ठसे फुलाच्या पाकळ्यांसारखे एकसारख्या अंतरावर उमटलेले. त्यांतली एक मी अजून पाकिटात ठेवली आहे. घरी त्याबद्दल थोडी चेष्टा होते.

चिंधीला लावायच्या वंगणाचे प्रयोग याहून लांबले, पण त्यांचे फळ कमी होते. मेण आणि ऑलिव्ह तेल वितळवून केलेले मलम चांगले चालले. केवळ थुंकी लावलेली चिंधी, जी येथील जुने खेळाडू सर्रास वापरतात, नेमाला तितकीच चांगली ठरली, मात्र ती भरून ठेवता येत नाही, लगेच बार काढावा लागतो, नाहीतर दारू ओलावते. मी खोबरेलही लावून पाहिले. ते चोवीस अंशांखाली थिजते हे कोकणातल्या माणसाने विसरावे याला काय म्हणावे! ऑक्टोबरातल्या सकाळी डब्यातल्या चिंध्या एकमेकींना चिकटून पापडासारख्या कडक झाल्या होत्या.

दुसरी जातही गोल गोळीचीच, पण ०.४९५ इंच व्यासाची आणि ०.०१५ च्या कापडात. कागदावर ती पहिलीइतकीच चांगली. ठासताना मात्र लाकडी हातोडी लागली, आणि हातोडीने शिशाच्या गोळीचे डोके चपटे होते. मैदानावर टेबलाशी बसून हे ठीक आहे. जंगलात दुसरा बार भरताना कोणी हातोडी शोधत बसणार नाही. ती मी बाजूला ठेवली.

तिसरी जात लांबट, भरीव शिशाची, ३७० ग्रेन वजनाची, अंगाभोवती मेण भरायच्या दोन रुंद खाचा असलेली. हिला चिंधी लागत नाही. वरची कड आट्यांना घासत आत जाते आणि गोळी स्वतःच आट्यांत बसते. सत्तर ग्रेनवर ग्रुप तीन इंचांच्या घरात, ८० वर दोन, ९० वर पुन्हा अडीच. याच मोजमापाच्या ओघात माझ्या लक्षात आले की गोळीच्या जातीइतकाच दारूच्या मापाचा फरक पडतो, आणि एकाच मापावर सहा गोळ्या तोलणे हा अन्यायच आहे. म्हणून आधीच्या दोन्ही गोल गोळ्यांचीही ६०, ७० व ८० वर फेरतपासणी केली. त्यांना ७० च मानवले. ३७० ग्रेनच्या गोळीचा धक्का मात्र सोसावा लागतो. हॉकेनच्या दस्त्याला मागे चंद्रकोरीसारखी पितळी पट्टी आहे. ती दंडाच्या सांध्याशी टेकवून उभ्याने नेम धरण्यासाठी घडवलेली असते. टेबलाशी बसून तीच खांद्याच्या हाडावर घेतली की पंधराव्या बारानंतर माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटू लागतो. मी रविवारी वीसहून अधिक लांबट गोळ्या झाडायच्या नाहीत असा नियम केला, आणि शेवटचे ग्रुप मोठे का होत होते याचे उत्तर त्या नियमानेच दिले.

या जातीबद्दल एक सावधगिरीही सांगायला हवी. चिंधी नसल्यामुळे गोळी केवळ स्वतःच्या घट्टपणाने जागेवर राहते. रायफल तोंड खाली करून खांद्याला अडकवून चालले की ती दारूपासून पुढे सरकू शकते आणि वर सांगितलेली पोकळी तयार होते. मी घराच्या मागे भरलेली, पण केप न लावलेली रायफल तासभर तशी हिंडवून गजाने तपासली. माझ्या नळीत गोळी सरकली नव्हती. तरीही शिकारीला निघाल्यावर मी दर तासाने गज घालून खूण पाहतो.

चौथी जात माझ्या दृष्टीने सर्वांत कुतूहलाची, कारण तिचा आमच्या शाळेतल्या इतिहासाशी संबंध आहे. ही पोकळ बुडाची, ३८५ ग्रेनची गोळी. फ्रेंच लष्करी अधिकारी क्लोद-एत्येन मिनिए यांनी १८४९ मध्ये या तत्त्वावरची गोळी पुढे आणली: गोळी नळीपेक्षा किंचित लहान, म्हणून कीट साचलेल्या नळीतही ती सहज उतरते, बार उडाला की वायू तिच्या पोकळ बुडात शिरून कडा फाकवतो आणि त्या आट्यांत रुततात. ब्रिटिशांची १८५३ ची एन्फील्ड रायफल याच विचारावर उभी होती. आम्ही शाळेत १८५७ च्या काडतुसांची चरबी पाठ केली, दातांनी तोडावी लागत असे हेही पाठ केले, पण चरबी मुळात लावत कशाला, हे वर्गात कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. ते मला चाळीस वर्षांनी, काळ्या झालेल्या बोटांनी कळले. वंगण नसेल तर कीट वाळून दगडासारखे होते आणि चार-पाच बारांनंतर गोळी आत जाणेच बंद होते. मेणानेही ते काम होते. माझे सारे चाचणीचे बार मेण आणि वनस्पती तेलावरच निघाले.

आता निकाल. साठ ग्रेनवर सव्वादोन इंच, आणि भरायला सर्व सहांत सोपी; अंगठ्याने आत जाते. पण ९० ग्रेन घालताच ग्रुप पाच इंचांवर गेला आणि कागदावरची काही भोके गोल न राहता लांबोळी झाली. जास्त दाबाने बुडाच्या पातळ कडा एका बाजूला अधिक फाकतात आणि गोळी नळीतून वाकडीच निघते. शिसेही शुद्ध हवे, इतके मऊ की नखाने ओरखडा उठावा. स्वतः ओतलेल्या, जुन्या भंगारातल्या शिशाच्या काही गोळ्या मला एका ओळखीच्याने दिल्या होत्या. त्यांवर नख उमटत नव्हते, आणि त्या कागदावर वाटेल तिकडे गेल्या. ज्याला कमी दारूत, कमी धक्क्यात दिवसभर खेळायचे आहे त्याला पोकळ बुडाची गोळी मी डोळे मिटून सुचवीन.

पाचवी जात आजच्या काळातली: ०.४५२ इंच व्यासाची, तांब्याच्या वेष्टणातली, २५० ग्रेनची टोकदार गोळी आणि तिच्याभोवती प्लास्टिकचा पेला. या पेल्याला सॅबो म्हणतात, आणि त्या फ्रेंच शब्दाचा अर्थ लाकडी जोडा असा आहे; आपल्याकडे खडावा म्हणाव्यात तसा. गोळी खडावा घालून नळीतून धावते आणि बाहेर पडताच त्या काढून टाकते. दुकानात सर्वांत जास्त जागा हिलाच, आणि किंमतही हिचीच मोठी. माझ्या पावतीवर एका सॅबो-गोळीच्या पैशांत सहा गोल गोळ्या आल्या असत्या. माझ्या रायफलीला ही अजिबात मानवली नाही. शंभर ग्रेनवर ग्रुप सहा इंचांचे, आणि दोन भोके तर अशी की गोळी आडवी होऊन कागदातून गेल्याचे स्पष्ट दिसत होते. गवतातून उचललेल्या प्लास्टिकच्या पाकळ्यांपैकी काही मुळापासून फाटलेल्या होत्या. दारू ८० ग्रेनवर आणली तेव्हा तीन इंच झाले, त्याखाली काही केल्या उतरेनात.

येथेच मी तो प्रयोग केला ज्याच्या जोरावर उत्पादकांची नावे गाळली आहेत. कामावरच्या एका सहकाऱ्याकडे २८ इंचांच्या पिळाची आधुनिक ठासणीची रायफल आहे. त्याच डब्यातल्या उरलेल्या आठ गोळ्या मी त्याला दिल्या. त्याने दोन नेम जुळवण्यात खर्चल्या, एक वाया घालवली आणि उरलेल्या पाच शंभर यार्डांवर दोन इंचांत बसवल्या. मग त्याने माझ्या चिंध्यांतली एक गोल गोळी आपल्या नळीत ठासून पाहिली; ती कुठे गेली हे आम्हाला अखेरपर्यंत कळले नाही.

सहावी जात म्हणजे तळाशी प्लास्टिकची छोटी टोपी बसवलेली, तांब्याचा पातळ मुलामा दिलेली २९५ ग्रेनची लांबट गोळी. भरायला सोपी, पुसायला सोपी, ८० ग्रेनवर अडीच इंच. तिच्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही आणि बाजूने सांगण्यासारखेही फार नाही.

शंभर यार्डांवर मी तीनच जाती नेल्या: जाड कापडातली ०.४९० ची गोल गोळी, खाचांची ३७० ग्रेनची आणि पोकळ बुडाची. हवा स्थिर असताना गोल गोळीने चार इंच दिले, ३७० ग्रेनच्या गोळीने पावणेचार, पोकळ बुडाच्या गोळीने पाच. आकडे पाहून गोल गोळी बरोबरीत आहे असे वाटेल, पण वारा सुटला की चित्र बदलते. गोल आकार हवेला फार अडतो. शंभर यार्ड जाईपर्यंत अशा गोळीचा साधारण चाळीस टक्के वेग संपलेला असतो. ताशी दहा मैलांचा आडवा वारा तिला तेवढ्या अंतरात आठ-दहा इंच बाजूला नेतो, आणि जड लांबट गोळीला त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक. नोव्हेंबरातल्या एका दुपारी मैदानावरचा झेंडा फडफडत असताना मी गोल गोळीचे पाच बार काढले; ग्रुप छान गोल होता, फक्त तो शेजारच्या कागदावर होता. वेग गेला की मारही जातो, त्यामुळे हरणासाठी गोल गोळी मी पंचाहत्तर यार्डांपलीकडे वापरणार नाही.

सफाईचे काम सर्वांना सारखेच आहे. कढत पाणी आणि साबण, गजाने वरखाली, मग नळी पूर्ण वाळवून तेलाचा हात. घरभर कुजक्या अंड्यांचा वास सुटतो. हे त्याच संध्याकाळी केले नाही तर दुसऱ्या दिवशी गंज आलाच म्हणून समजावे. प्लास्टिकच्या जातींनंतर नळीत प्लास्टिकचा पातळ थर राहतो आणि तो पाण्याने निघत नाही, एवढा एक जादा त्रास.

डिसेंबरात येथे ठासणीच्या बंदुकींचा हरणांचा हंगाम येतो, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात मला एक शंका आली जी आधीच यायला हवी होती. माझे सगळे ग्रुप पुसलेल्या, पण एकदा वापरलेल्या नळीतून काढलेले होते. जंगलात बार एकच मिळतो, आणि तो स्वच्छ, थंड, तेल पुसलेल्या नळीतून निघतो. म्हणून मी पाच वेगवेगळ्या सकाळी कामावर जाण्याआधी मैदानावर गेलो आणि दर सकाळी एकाच कागदावर ५० यार्डांवरून गोल गोळीचा आणि ३७० ग्रेनच्या गोळीचा प्रत्येकी फक्त पहिला बार काढला, दोहोंच्या मध्ये नळी गरम पाण्याने धुऊन, वाळवून आणि थंड होऊ देऊन. ३७० ग्रेनच्या गोळीची पाच भोके एकमेकांजवळ होती, पण ग्रुपच्या नेहमीच्या जागेपेक्षा दोन इंच वर. गोल गोळीची पाचही नेहमीच्या जागी पडली. मी मागची खाच ३७० च्या पहिल्या बारासाठी तेवढी खाली घेतली, गोळ्यांचा तो डबा शिकारीच्या पिशवीत टाकला, आणि पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाच्या चिंध्या फ्रेंडशिपच्या जूनच्या स्पर्धेसाठी वेगळ्या डब्यात भरून ठेवल्या.